काट्यास हात लावू नये

मार्केट यार्ड, सांगली. गाळा नंबर एकोणतीस.
भिंतीवर ऑइलपेंटनं: काट्यास हात लावू नये.
त्याच्याखाली पिवळी बोटं उमटलेली,
दहा-बारा सीझनची.

मी आले ती मशीन बघायला.
पोत्यांमागं, पंख्याच्या कडेला एक काळा डबा,
फुंकर मारली तर हळदच उडाली.
एका कर्नलच्या जिवावर आत चार गट नांदतात:
सौद्याचा, बिलाचा, कॅमेऱ्याचा,
आणि चौथा कुणाचा ते आदगोंडा शेठना आठवत नाही.
"असंल कायतरी. पुण्याच्या पोरानं बसवलेलं."

दस्तगीरभाई तोलाईदार. म्हणाले,
पोत्याला हात लावला की मला वजन कळतं, पोरी.
माझा हात आणि हा लाल आकडा
सहाशे ग्रॅमनं भांडतात.
रोज. ठरवून भांडल्यासारखे.

कर्नलच्या लेखी काटा म्हणजे एक फाईल,
नंबर एकशे अठ्ठ्याऐंशी, शून्य.
तिच्यावर हक्क तीन: वाचणं, लिहिणं,
आणि नवं दारच पाडून घेणं.
चौथ्या गटाला तिन्ही दिलेले,
सगळ्या यंत्रांवरचे, एका ओळीत,
जेवायला उठता उठता लिहिलेल्या.
दर पोत्याआधी तो काट्याला एक अक्षर पाठवायचा.
एकच.
आणि काटा इमानदारीनं
आपलं शून्य सरकवून बसायचा.

माझे वडील हरिपुरात पेवं उघडायचे, दुसऱ्यांची.
तोंड मोकळं करून दिवसभर थांबायचं,
मग कंदील सोडायचा, विझला तर अजून थांबायचं.
डोकावणारा वेगळा, माल टाकणारा वेगळा,
नवं पेव खणायला सांगणारा तर तिसराच.
डोकावणाऱ्याच्या हातात कुणी कुदळ देत नव्हतं.
एवढंच ते शिकवून गेले, आणि तेही
मला नव्हे, कुणावर तरी ओरडताना.

तर आधी सगळ्यांचं सगळं काढून घेतलं.
मग मोजून दिलं.
सौद्याला काटा, फक्त वाचायला.
बिलाला प्रिंटर, लिहायला.
कॅमेऱ्याला त्याचा कॅमेरा.
चौथ्याला ते एक-तीन नंबरचं भोक,
ज्यात काहीही टाका, कुठंच जात नाही.
ते सगळ्यांनाच द्यावं लागतं.
आणि वरच्या गटाकडं नाही ते
त्याच्या पोटातल्या गटाला मिळत नाही.
तिथं वशिला चालत नाही,
यार्डात दुसरीकडं कुठं चालत नाही असं सांगता येणार नाही मला.

सकाळी परत सहाशे.

दस्तगीरभाई बोलले नाहीत, नुसता तळहात दाखवला.
मी नियम तीनदा वाचला. बरोबर होता.
चहा गार झाला तेव्हा कळलं:
पहारा असतो तो उघडायला येणाऱ्यावर.
चौथ्यानं काटा श्रावणात उघडला होता
आणि मिटलाच नव्हता,
मुठीत धरून बसलेला.
दार लावून मी बाहेर उभी, कुलूप ओढून बघत,
आणि तो आत.

मारला. नऊ नंबरचा, जो टाळता येत नाही.
उठला, काट्याकडं गेला. नकार.
परत उठला. नकार.
स्क्रीनवर एकच ओळ सरकत राहिली, चाळीसेक वेळा:
परवानगी नाही.

शेठ मागं उभं राहून बघत होते.
म्हणाले, "हे कुठं लिहून राहतंय व्हय?"
राहतंय, म्हटलं.
पुण्याच्या पोराला फोन लावा, म्हटलं.
त्यांनी खिशातून फोन काढला, पुसला, ठेवला.

म्हैसाळची, आरगची, बेडगची
श्रावणापासूनची पोती. त्यांच्यावर खडूनं नावं होती.
माझा नियम मागं जाऊन लागू होत नाही.

दस्तगीरभाईंनी पुढचं पोतं काट्यावर घेतलं
आणि आकड्याकडं बघितलंच नाही,
माझ्याकडं बघितलं.
मी वाचून दाखवला,
दोन्ही हात मागं धरून.