शनिवारची टोपली

कार्डं कापली ती मासळीच्या खोक्यांतून,
अजून वास जात नाही त्यांचा.
एका अंगाला प्रश्न, दुसऱ्या अंगाला उत्तर,
आणि कार्ड धरायला आई,
बहुतेक वेळा उलटं.

अक्षरं तिच्या लेखी
वाळूवर खेकडा चालून गेल्यासारखी.
प्रश्न मीच वाचायचा, उत्तर मीच द्यायचं,
ती बघत असते माझ्या डाव्या कानाकडे.
कान चोळला, की कार्ड उद्याच्या टोपलीत.
नाही चोळला, तर शनिवारच्या.
शनिवारीही जमलं, तर थेट वर,
छपराला टांगलेल्या महिन्याच्या टोपलीत,
उंदरांच्या आणि धाकट्या एकोच्या हाताबाहेर.

"रोज सगळं कशाला ढवळतेस?
मका तीन दिवस भिजतो,
दळल्यावर आणखी दोन दिवस आंबतो.
एका रात्रीच्या पिठाची केंकी विकली असती,
तर एल्मिनाच्या बाजारात
कुणी उभं केलं असतं का मला?"

माझी मैत्रीण अजोआ पिवळ्या पेनानं पुस्तक रंगवते.
पानं सगळी पिकली, डोकं हिरवंच.
"पाहिलं की आठवतं गं," म्हणते.
पाहिलं की मलाही आठवतं.

मग ती रात्र. वीज गेलेली,
कंदिलाच्या काचेवर किडे आपटत होते.
ऑस्मोसिसचं कार्ड निघालं.
मी धडाधड सांगितलं:
जिथे मीठ जास्त, तिथून पाणी निघतं
आणि साध्या पाण्याकडे जातं.
कानाला हात नाही, आवाजात खोट नाही.
कार्ड शनिवारकडे निघालं होतं,
मध्येच थांबलं.

"मीठ लावलेली मासळी मग
का गं रडते रात्रभर?"

मी कार्ड उलटलं.
बरोबर लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.
तीन आठवडे मी चूक इतकी पाठ केली होती
की कानालाही पत्ता नव्हता.

तेव्हापासून नियम बदलला.
नुसतं सांगून भागत नाही, आईला पटवायचं.
तिला लवकर पटत नाही.
वर्गसमीकरणं तर अजून पटलेली नाहीत,
"क्ष म्हणजे किती ते ठाऊक नाही
तर उधार का दिलंस त्याला?"

मंगळवारी आमच्याकडे समुद्राला सुटी.
होड्या वाळूवर, बाप्ये जाळी दुरुस्त करतात.
मी मंगळवारचीच, म्हणून तर अराबा,
तेव्हा पुस्तकांनाही सुटी, असं तिनं ठरवून टाकलं.
पहिल्या मंगळवारी मी न्हाणीत लपून रसायनशास्त्र वाचलं.
दुसऱ्या मंगळवारी दुपारभर झोपले
आणि उठले तेव्हा
कुणी न विचारता क्षारांची सूत्रं आठवत होती.

आदल्या रात्री मात्र सगळं पुसलं गेलं.
तिन्ही टोपल्या पालथ्या.
पोटात तेच खेकडे, आता घाईत.
"आई, मला काहीच येत नाही."

घाबरू नकोस, असं ती म्हणाली नाही.
केळीच्या सुक्या पानांचा ढीग सरकवला माझ्यापुढे.
गोळा, पान, गाठ.
गोळा, पान, गाठ.
विसाव्या गाठीला माझ्या लक्षात आलं
की मी श्वास घेतेय.
चाळिसाव्या गाठीला मला भूक लागली.
मग तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.
"आता उघडून बघायचं नाही. जा, नीज."

सकाळी, शाळेचा मोठा हॉल,
पंखा एकाच बाजूला वारा घालणारा.
मिस्टर इंकूम म्हणाले, उलटा.
बोटांना आंबट पिठाचा वास होता.
पहिला प्रश्न वाचला
आणि डावा हात आपसूक कानाकडे गेला.
ठीक आहे, म्हटलं.
हा उद्याच्या टोपलीत. पुढे.

दुसराही तसाच, अर्धामुर्धा.

तिसऱ्यात कुणीतरी बटाट्याची फोड
मिठाच्या पाण्यात टाकून ठेवली होती
आणि ती का आक्रसली, ते सांगायला
मला चार ओळी सोडल्या होत्या.