बुरशी आलेली काच

हर्णैच्या बर्फ कारखान्यात मी हिशेब लिहितो.
किती लाद्या, कुठल्या नौकेला, उधारी किती.
सहाला वही मिटली की खांद्यावर झेनिट:
रशियन, वजनदार,
शटर पडलं की ट्रंकेचं झाकण आपटल्यासारखा आवाज.
बंदरावरची कुत्रीसुद्धा वळून बघतात.

वर्षाला दहा-बारा रोल. त्याहून जास्त परवडत नाहीत.
मुदत संपलेले, मुंबईहून कुणाकुणाच्या पिशवीतून आलेले,
ते थंड खोलीच्या कोपऱ्यात असतात,
डब्यावर मी लिहिलंय: औषध, हात लावू नये.
मालक अधूनमधून हळू आवाजात विचारतात,
"आता साखर कशी आहे?"
बरी आहे म्हणतो.

धुलाई घरीच, रात्री, मोरीत,
दाराच्या फटीला गोणपाट लावून.
रसायनाला हवेत वीस अंश.
वैशाखात आमच्या विहिरीचं पाणीच एकतीस.
मग लादीचा एक तुकडा, पंच्यात बांधून आणलेला,
घमेल्यात सोडायचा
आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं,
पोराचा ताप उतरायची वाट बघावी तसं.
(तुकड्याचे दोन रुपये मी माझ्या नावावर मांडतो.)
शेवटचं पाणी मात्र तेच, मचूळ.
फिल्म सुकली की मिठाचे ठिपके राहतात,
माझ्या प्रत्येक आभाळात आहेत ते.
कुणी विचारलं तर मी पक्षी म्हणतो.

गेल्या श्रावणात लेन्स उजेडाला धरली
तर आत, दोन काचांच्या मधोमध, काहीतरी उगवलेलं.
बारीक, पांढरं, फांद्याफांद्यांचं.
ओहोटीला पुळणीवरून पाणी परततं ना
ओहळ काढत,
अगदी तसं.
मी तिला तांदळाच्या डब्यात ठेवत होतो.
बायको म्हणाली, "तांदळातच टोके पडलेत,
तुमची काच कुठली वाचायला."

तरी काढत राहिलो.
कडा विरघळायला लागल्या,
लिलावातल्या दिव्यांना खळं पडायचं,
सुरमई धुक्यात पोहायच्या.

भागीरथी पावसे,
पापलेटचा वाटा मांडून बसली
की दलालसुद्धा आवाज खाली घेतात,
तिचा एक फोटो तिला नेऊन दिला.
हात पदराला पुसून तिनं घेतला.
बराच वेळ बघितला.
"ह्यात मी बरी दिसतंय," म्हणाली,
आणि पैशांच्या पिशवीत, नोटांच्या आत, सरकवला.

दापोलीला उस्मान परकार घड्याळं दुरुस्त करतात.
म्हणाले, "काढतो. पण मुळं काचेत उतरली असतील
तर जांभळा मुलामा जाईल, मग मला बोलायचं नाही."
एकेक कडं उलगडून त्यांनी
जुन्या कॅलेंडरवर क्रमानं मांडलं,
वातीएवढ्या कापसानं पुसायला घेतलं,
मधेच थांबले. डोळ्यावरचं भिंग काढून मला दिलं.
"बघा तरी. माती नाही, पाणी नाही.
काय खाऊन जगली, कोण जाणे."
दीडशे रुपये घेतले. वर चहा पाजला.

नवा रोल.
दोराचा पीळ न् पीळ,
माशाच्या डोळ्यातली लाल रेघ,
भागीरथीच्या कपाळावरची आठी,
आणि कानाची फाटलेली पाळी,
जी इतक्या वर्षांत मला कधी दिसली नव्हती.
मोठ्या ऐटीत घेऊन गेलो.

तिनं एकदाच बघितला.
मग बर्फावर ठेवला, पालथा.
"पहिला डोळा कुठं टाकलास रं?"

लेन्स आता काचेच्या बरणीत असते,
ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या मधोमध.
आज सकाळपासून पाऊस आहे, भिंतींना घाम.
बरणीचं झाकण नीट बसलेलं नाही,
वही लिहिताना दोनदा आठवलं.

उद्या बघू.