घडी

देवकाबाई मांडा हातावर घेतात
तेव्हा अंगणातलं बोलणं आपोआप खाली येतं.
मनगटावरून कोपरापर्यंत, पुन्हा मनगटावर,
इतका पातळ की पलीकडच्या बांगड्या मोजाव्यात.
मग खापरावर. मग घडी,
आणि घडीवर घडी.
मधला भाग आता कुणालाच दिसत नाही.

आखाजीला मी फैजपुरात, बहिणीकडे.
पाटावर बसून पुरण वाटतेय
आणि डोक्यात तो एकेरी धागा,
चार अक्षरांत लिहिलेला.
लिहून पुरा व्हायच्या आधीच तो स्वतःवर वळू लागतो.
जी सीला धरते, ए यूला,
वेलांटी पडते, टोकाशी मोकळा फास.
सरळ राहणं त्याला कधी जमलंच नाही.

कातरी येते ती खुणा वाचत.
इथं काप, इथं जोड,
मधली चिंधी टाकून दे.
पण खूण घडीत गेलेली असली
तर ती पुढेच निघून जाते,
आणि चांगला तुकडा
चिंध्यांबरोबर केरात.

शर्विल दीड वर्षाचा. अजून मान धरत नाही.

अहवाल पुण्याहून आला, मला वाचायला दिला,
कारण घरात मीच "त्यातली".
पहिली प्रत त्याच्याकडे नाहीच.
दुसरी आहे. तिच्यात एक अक्षर वेगळं,
आणि गंमत म्हणजे (गंमत कसली)
त्या अक्षरानं अर्थ बदलत नाही.
शब्द तोच राहतो.
फक्त सातवा तुकडा कातरीच्या नजरेत भरत नाही,
त्यात त्याच्या शेवटाला ती वेलांटी,
खूण अर्धी पदराखाली.
दहातून आठ-नऊदा सातवा गळतो.
उरलेल्या एक-दोनदा राहतो,
तेवढ्यावर हा पोरगा श्वास घेतो.

"म्हंजे लिहेल बरोबर आहे?" बहीण विचारते.
हो.
"मंग चुकलं कुठी?"

मी हातातलं पुरण बघत राहिले.
एक औषध आहे, म्हटलं,
आखूडसा धागा, मणक्यातून सोडायचा.
तो नेमक्या जागी चिकटून बसतो,
मग कातरीला सातवा सापडू लागतो.
किंमत मी सांगितली नाही.
तिनं ती केव्हाच शोधून
फोनमध्ये लिहून ठेवली होती, शून्यं मोजून,
केळीच्या पट्टीच्या हिशोबाखाली.

"गरम आहे तवरच उलगडा," देवकाबाई म्हणाल्या,
"थंड झाला का घडीवर फाटतो."
त्यांना मांड्याबद्दलच म्हणायचं होतं.

मी बोटं भाजत घडी सोडली.
आत वाफ कोंडली होती.
मधला मऊ तुकडा दुधात कुस्करून
बहिणीनं शर्विलच्या ओठाला लावला,
एक हात मानेखाली.
त्यानं गिळला.
खापरावर पुढचा मांडा पडला होता,
कुणी उलटायला उठलं नाही.
आम्ही तिघी बघत होतो
तो दुसरा घास गिळतो का.