अंगठा

सकाळी नऊ पाच. तासगावचं केंद्र.
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
सावळजची जास्मिन मुलाणी अंगठा
ओढणीला पुसते, पुन्हा टेकवते.
चार हंगाम बेदाणा निवडलाय तिनं,
गंधकाच्या धुरीत रेषा गेल्या.

दिल्लीला वाटतं, ती आलीच नाही.
मी वहीत लिहितो: आली.
वही दिल्लीला दिसत नाही.

सीएनसीवरून उतरलेला जॉब मात्र
ती नुसत्या बोटानं तपासते.
"सर, इथं जरा चढ हाय."
मी मायक्रोमीटर लावतो.
हाय.

भिंतीवर योजनेचा फलक,
मागच्या योजनेच्या फलकावरच चिकटवलेला;
कोपरा सुटला की जुनं नाव डोकावतं.
आकडे तेवढे वाढलेत.

यंदा ती शेडवर गेली नाही.
मार्चअखेर यंत्र एकदम हिरवं झालं.
रेषा परत आल्या होत्या!
मी पेढ्यांना निघालो, तोवर फोन:
एकतीसला केंद्र बंद.
नवी योजना येतेय, नव्यानं नोंदणी करा.

कुपवाडला कारखान्यात घेऊन गेलो तिला.
मालकानं प्रमाणपत्र न बघताच
लोखंडाचा एक तुकडा पुढं केला.

ती डोळे मिटून
फिरवत राहिली तो,
बराच वेळ.