गळलेला एस

ग्रिम्झबीच्या वाचनालयाच्या माडीवर, मंगळवारी सातला,
हेझल थॉर्न्बी क्रियापदांचे मूड शिकवतात.
तीस वर्षं गोदीतल्या हमालांचे पगार लिहिले त्यांनी;
फळ्यावरही तसेच रकाने आखतात, पट्टी लावून.
मी मागच्या टेबलाशी. हजेरी आणि बिस्किटं माझ्याकडे.

पहिला रकाना साध्या विधानांचा.
आपल्या व्याकरणात ह्याला स्वार्थ म्हणतात.
फॉर्म भरून घेणाऱ्यांना एवढाच चालतो:
कधी आलात, कोणत्या वाटेने, सोबत कोण होतं.
टेस्फालेमने हे चार खोल्यांत चारदा सांगितलंय.
दर वेळी एखादी तारीख हलली,
की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा रकाना त्याला शिकवावा लागला नाही.
थांब. बूट काढ. हात वर.
इथे सही कर.
कारखान्यात: सुरी धू. हातमोजे बदल. बोलू नको.
"आज्ञार्थात कर्ता लागत नाही," बाई म्हणाल्या,
"कळतंच ना, कुणाला सांगतोय ते."
"येस," टेस्फालेम म्हणाला, "ऑलवेज मी."
ल्युबोमिरा एवढी हसली की चहा वहीवर सांडला
आणि पाच मिनिटं व्याकरण टिपकागदाखाली गेलं.

तिसऱ्याला मार्कर वाळला.
तो झटकत बाई म्हणाल्या, हे जे नाही त्याचं क्रियापद.
मी पक्षी नाही, म्हणून वॉज नाही. इफ आय वेअर अ बर्ड.
एकेक वाक्य लिहा.

ल्युबोमिरा मॅनेजर असती, तर फ्रीझरमध्ये हीटर बसवणार होती.
टेस्फालेमने लिहिलं: इफ माय ब्रदर वॉज हिअर.
पुढे स्वल्पविराम. पुढे काही नाही.

बाईंचं लाल पेन वॉजवर आलं, टेकलं.
"म्हणजे तो... नक्की..."
बाईंचंही वाक्य अर्धंच राहिलं.
"आय डोण्ट नो, मिस. फोन वाजतो.
कुणी उचलत नाही. पण वाजतो."
पेनाचा ठिपका पसरत गेला तिथे.
वॉज तसंच राहिलं.

मग त्यानेच विचारलं, नुसतं मागायचं असेल तर?
आहे-नाही काही म्हणायचं नाही.
बाईंनी रकान्यांबाहेर, फळ्याच्या कडेला लिहिलं:
आय आस्क दॅट ही कम.
"कम्स!" ल्युबोमिरा ओरडली.
ह्याच एसपायी तिने आठ महिने डब्यात पाच-पाच पेन्स टाकले होते.
"इथे नाही. इथे एस गळतो."
का?
बाईंना माहीत नव्हतं. जुनं आहे, म्हणाल्या.
राजासाठी देवाला घालतो त्या साकड्यातही नाही एस,
साठ वर्षं उभी राहून म्हणतेय, आत्ता लक्षात आलं.

मला 'यावा' आठवला. तो यावा.
आपल्याकडे मागताना क्रियापदाला काही जोडतात,
इथे उलट, हातातलं खाली ठेवायचं.
बोलले नाही. कप गोळा केले.

बसथांब्यावर समुद्राकडचा वारा,
आणि अंगाला धुऊनही न जाणारा हॅडॉकचा वास.
टेस्फालेम ओठांतल्या ओठांत:
दॅट ही कम. दॅट ही कम.
एकदा सवयीने एस लागला,
तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून.
ल्युबोमिरा वळणावरच्या दिव्यांकडे बघत होती.
"द बस कम्स," ती म्हणाली, एसवर चांगला जोर देऊन,
आणि ती आली.