शाळा सोडल्याचा दाखला

थावरी लालसिंग पवार, आठवी ब.
घणसोलीतली आमची शाळा आठवीलाच संपते.
भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे टॉवर.
"आई नववीपर्यंत गेलीय सर," थावरी एकदा म्हणाली,
"मजला. विटा घेऊन."

दाखला संगणकावर भरायचा असतो.
मातृभाषा: बाण दाबला की यादी उघडते.
मी ती दोनदा वरखाली केली.
गोरबोली नव्हती.
मागे तीन पालक ताटकळत होते.
मी मराठी निवडलं.
ती बघत होती. काही म्हणाली नाही.

कचेरीने एकसष्ट सालचा पुरावा मागितला.
एकसष्ट साली आजोबांचा तळ
कुणाच्या शिवारात होता,
ते बैलांना ठाऊक.

आणि एक कबुली.
स्नेहसंमेलनात मीच म्हणालो होतो, लमाणी नाच बसवू.
वाशीहून पोशाख आणले, भाडं अडीचशे,
सॅटिनचे, प्लास्टिकच्या आरशांचे.
झमकीबाई कामावरून थेट आली,
साडीवर नवऱ्याचा शर्ट, भुवयांत सिमेंट.
तिने घागऱ्याची शिवण उलटी करून पाहिली
आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली,
बराच वेळ.
तिचा स्वतःचा फेटिया पत्र्याच्या पेटीत आहे.
तो नेसून नाक्यावर उभं राहिलं
की मुकादम पुढच्या बाईकडे जातो.

थावरी पहिल्या रांगेत नाचली.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आज ठाण्याच्या स्टँडवर मुरबाडची गाडी.
आश्रमशाळा, वसतिगृह, नववी.
एक पेटी, एक बादली, लाल चटणीची बरणी,
बरणीला सुतळी.
गाडी लागली तशी
झमकीबाईने लेकीच्या गळ्यात हात टाकले
आणि ढावलो धरला.
लेक सासरी निघाली की रडत म्हणतात, तो.
लेक शाळेला निघाली की काय रडायचं
हे तांड्यात कुणावर आलंच नव्हतं,
तेव्हा तिने होता तोच घेतला
आणि चालता चालता दुरुस्त केला.
मला त्यातले दोनच शब्द लागले:
याडी, आणि हॉस्टेल.

कंडक्टरने घंटीची दोरी धरली होती,
ओढली नाही.
लालसिंग उगाच बादलीची कडी तपासत होता.

मग खिडकीतून थावरीने काही विचारलं.
एक शब्द तिलाही नव्हता कळला.
आईने नाक पुसून तो पुन्हा सांगितला,
इंजिनावर आवाज चढवून, आणखी एकदा.
थावरीने भूमितीच्या वहीचं मागचं पान काढलं.
लिहिलं, खोडलं, लिहिलं.
ल की ळ?
तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं.
मी तिच्या आईकडे.

गाडी हलली.