हत्तीची घडी

नऊ महिन्यांनी आला भाऊ. यादगिरी.
खिशात अजून नावाची पितळी पट्टी: गॅरी.
"यादगिरीतला गिरी तेवढा ठेवला अक्का,
बाकीचं त्यांच्या जिभेला झेपत नव्हतं."

विडी घरकुलात त्या दिवशी नळाला पाणी होतं,
पाचव्या दिवसाचं,
म्हणून चहाच्या आधी हातात हंडा दिला.
"तीन-तीन पोहायचे तलाव घेऊन हिंडतंय गं आमचं जहाज,"
एवढंच म्हणाला,
पिंप भरेस्तोवर पुढं काही नाही.

संध्याकाळी पोरं जमली. कोंगारींचा दत्तू म्हणाला,
"काय बे, सगळ्यात सोपं काम कुणाचं असतंय तिथं?"
पियानोवाल्याचं, म्हणाला.
मग म्हणाला, नाही, बर्फाचा मासा कोरणाऱ्याचं,
चुकला तरी तासाभरात वितळतंय.
मग आठवून हसला: तलावाकाठी एकजण
शिट्टी घेऊन बसतोय दिवसभर,
पाणी कमरेएवढं,
आतले सगळे सत्तरीचे, पोहतच नाहीत,
नुसते उभे राहून गप्पा मारतात.

"आन अवघड?"
लाँड्री, म्हणाला. सगळ्यात खालचा मजला,
समुद्र डोक्याच्या वर, खिडकी नाही,
वाफेत माणूस ओळखू येत नाही.
पोरं गप्प झाली.
एकानं शेंगाचटणीची पुडी फोडली, विषय बदलला.

मी टॉवेल तपासते. अक्कलकोट रोडला,
ट्यूबलाइटखाली, बोट फिरवत:
निसटलेला धागा, तेलाचा डाग, काठाला झोल.
नापास तो सेकंड, आम्हाला निम्म्या भावात.
पास तो कंटेनरमध्ये.
कंटेनर कुठं उघडतो,
सहा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
भाऊ म्हणाला, "पहिल्याच आठवड्यात एक टॉवेल उलटला,
कोपऱ्यात लेबल: सोलापूर.
दार लोटून वास घेतला, अक्का."
मग?
"साबणाचा होता."

जेवणं झाल्यावर माझा सेकंडचा टॉवेल मागितला.
दोन्हीकडून गुंडाळला, मधोमध दुमडला: चार पाय.
हातरुमालाची सोंड.
पलंगावर हत्ती उभा.
अम्मा मांडीवर सूप घेऊन बघत राहिली,
बोटं विडी वळत होती, डोळे हत्तीवर.
"अठरा खोल्या. रोज रात्री प्रत्येकीत एक."

आणि मग न विचारता सांगितलं.
एक म्हातारी होती, एकटी. चौदा रात्रींचा प्रवास.
एकही मोडू दिला नाही तिनं.
हंस, माकड, बेडूक,
खुर्चीत, आरशासमोर, खिडकीशी ओळीनं,
ससा तेवढा पलंगाच्या दुसऱ्या उशीवर.
सकाळी सगळ्यांना हात लावून उतरली.
दुपारी त्याच खोलीत दुसरे लोक.
टॉवेल मोजून द्यावे लागतात.
"चौदा घड्या मोडल्या.
ताकद लागत नाही गं त्याला.
सोंड धरून झटकलं की झालं, साधा टॉवेल."
दिवा मालवला त्यानं.
पोरांना हे सांगितलं नव्हतं.

पहाटे अम्मा न्हाली.
केस निथळत बाहेर आली, इकडं तिकडं बघितलं,
हत्ती उचलला, एकदा झटकला,
डोक्याला गुंडाळला.
"सेकंड असला म्हणून काय, पाणी टिपतोय की."
आणि सूप ओढून बसली तेंदूची पानं कातरत.

यादगिरी अंथरुणातून बघत होता.
उठला,
पिंपावरची ताटली सरकवली,
किती उरलंय ते वाकून बघून आला.